नदीकाठच्या घरी, पाहुणे म्हणून

गोव्याची सहल ठरली की आपल्या घरांमध्ये पहिला प्रश्न येतो, "कुठला बीच?" कलंगुट, बागा, कोळवा ही नावं लहान मुलांनाही पाठ असतात. नद्यांची नावं विचारली तर मात्र मांडवी आणि जुवारीच्या पुढे गाडी सरकत नाही, आणि त्या दोघीही त्यांच्यावरच्या मोठ्या पुलांमुळे माहीत असतात. नद्यांच्या काठाला शेतं, देवळं, बाजार आणि माणसांची घरं आहेत, तो गोवा बहुतेकांचा पाहायचा राहून जातो.

गेल्या काही वर्षांत आम्ही उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत नदीकाठच्या घरांमध्ये राहायला लागलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. राहणं हॉटेलात नाही की रिसॉर्टमध्येही नाही, तर ज्या घरात घरची माणसं राहतात अशा घरातल्या दोन खोल्यांत. मंडळाच्या कोजागरीला या सहलींचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. एक, "सोय नीट असते का?" आणि दुसरा, "तिथे जागा घ्यायला काय भाव चाललाय?" या लेखात दोन्ही प्रश्नांबद्दल लिहिते आहे. दुसऱ्याबद्दल जरा जास्त.

निवास-न्याहरी म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ज्याला बेड अँड ब्रेकफास्ट म्हणतात, त्याला महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने 'निवास व न्याहरी' असं छान नाव दिलं आहे. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचीही अशी योजना आहे. तिच्यात घराला गोल्ड किंवा सिल्व्हर दर्जा मिळतो. पाहुण्यांसाठी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा खोल्या, एकूण बारा खाटांपर्यंत. सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं.

ही शेवटची अट लक्षात ठेवा. आजकाल 'होमस्टे' या नावाखाली बरंच काही मिळतं. किल्ली एका डब्यात, डब्याचा नंबर फोनवर, मालक दिल्लीत आणि साफसफाईला दुपारी कुणीतरी येऊन जाणार. ती भाड्याची व्हिला झाली. तिच्यात वाईट काही नाही, पण तिथे नदीबद्दल सांगायला कुणी नसतं. रात्री लेकीला ताप आला तर जवळचा डॉक्टर कोण, हे सांगणारंही कुणी नसतं.

पेडणे : दोन नद्यांमधला तालुका

पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेचा तालुका. वरच्या बाजूला तेरेखोल नदी, खालच्या बाजूला शापोरा. तेरेखोल सह्याद्रीतून निघून बांद्यावरून येते आणि केरीजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखापाशी, उत्तर काठावर तेरेखोलचा किल्ला आहे. तो सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. नदीच्या पलीकडचं तेवढंच एक गाव गोव्याचं, त्याच्या मागे लगेच महाराष्ट्र सुरू होतो. थोडं आत किरणपाणीला गेलात तर समोर आरोंदा दिसतं. पूर्वी इथे फेरीबोट होती, आता पूल आहे.

शापोरा नदी तिळारीचं पाणी घेऊन येते. इब्रामपूर, हळर्ण, कोलवाळ अशी गावं ओलांडत मोरजीजवळ समुद्रात जाते. हळर्णला नदीकाठी जुना किल्ला आहे. मुखापाशी मोरजीच्या तेंबवाड्याला ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. मधे आगरवाडा नावाचं गाव आहे. आगर म्हणजे मिठागर, आणि गावाच्या नावातच त्याचा धंदा आहे.

पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांकडे उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटी गेले. गोव्यात या भागाला 'नव्या काबिजादी' म्हणतात. त्यामुळे इथली देवळं जागच्या जागी राहिली आणि मराठीही घरात राहिली. आमच्या सगळ्या मुक्कामांत सकाळी ओट्यावर मराठी वर्तमानपत्र पडलेलं असायचं. घरची भाषा पेडण्याची कोंकणी, मालवणीच्या अगदी जवळची. सासूबाई मराठीत बोलतात, काकी कोंकणीत उत्तर देतात, आणि दोघींचं अर्धा तास न अडखळता चालतं.

घड्याळ भरतीचं

नदीकाठच्या घरात गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की इथे दोन घड्याळं चालतात. एक भिंतीवरचं आणि दुसरं पाण्याचं. समुद्राची भरती या नद्यांमधून आत येते. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

कोकणातला जुना हिशोब काकांनी लेकीला शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नदीत आत गेलं की वेळ मागेपुढे होते, पण अंदाज बरोबर निघतो. लेकीने पावकीचं कोष्टक नाक मुरडत पाठ केलं होतं, पाऊणकीचं मात्र दोन दिवसांत हौसेने केलं, कारण त्यावर तिचं होडीत बसणं ठरत होतं. "आतां उदक चडटा, मागीर वच," असं काकी म्हणाल्या की होडी थांबते. कुणी घाई करत नाही.

या भरतीशी जुळवून घेऊनच इथली शेती उभी राहिली. नदीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीला खाजन म्हणतात. तिला मातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात एक लाकडी दरवाजा असतो, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी दाबलं की दरवाजा आपोआप मिटतो, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की तो आतल्या पाण्याच्या जोराने उघडतो आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. वीज नाही, मोटर नाही. खारं सोसणारं कोरगूट भात या जमिनीत पिकतं. मानसीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासे मिळतात. बांध फुटला तर एकाचं नाही, सगळ्या वाड्याचं शेत जातं, म्हणून तो राखायचं काम गावाचं सामायिक.

मी स्वतः इंजिनिअर आहे, पण ओहोटीच्या वेळी मानसीपुढे उभं राहून ते दार हळूहळू उघडताना पाहिलं तेव्हा पाऊण तास तिथून हलले नाही.

न्याहरीबद्दल सांगायलाच हवं. सकाळी सातच्या आधी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो आणि गरम उंडे येतात. त्याबरोबर पातळभाजी. एखाद्या दिवशी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, एखाद्या दिवशी नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या. तब्येत नरम असेल तर पेज आणि लोणचं. मेनूकार्ड नसतं. दुपारी जेवणार असाल तर आदल्या रात्री सांगायचं, म्हणजे नदीत काय मिळेल त्यावर ठरतं. शेवटे, काळुंदर, तिसऱ्या, खुबे. शाकाहारी पाहुण्याची कुणी कीव करत नाही. अळसांद्याचं तोंडाक समोर आलं की सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं.

डिचोली : बार्जची नदी आणि होड्यांची नदी

आम्ही बंगळुरूहून गाडीने येतो तेव्हा बेळगावहून चोर्ला घाट उतरून थेट साखळीत पोचतो. साखळी डिचोली तालुक्यात, वाळवंटी नदीच्या काठी. नदीपलीकडे कारापूरचं विठ्ठलापूर. तिथे विठ्ठलाचं देऊळ आहे आणि त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत सजवलेल्या होड्या सोडतात. रात्रभर काठावर माणसं असतात. पंढरपूर लांब पडतं म्हणून अनेकांची वारी इथेच होते.

याच तालुक्यात नार्वेला सप्तकोटेश्वर आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावरचं. ते पाडलं गेल्यावर लिंग नदीच्या या बाजूला आणलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन २०२३ मध्ये ते नव्याने खुलं झालं. दिवाडीहून नार्वेला फेरीबोटीने येता येतं. इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ बोटीतून उतरून चालत पाहता येते, याचं लेकीपेक्षा मलाच जास्त अप्रूप वाटलं. मयेचा तलाव आणि हरवळेचा धबधबाही जवळच.

पण डिचोलीची दुसरी एक ओळख आहे, आणि ती नदीकाठीच कळते. हा खाणींचा तालुका. लोहखनिज ट्रकांनी सारमानस, आमोणे अशा धक्क्यांवर यायचं, तिथून बार्जमध्ये भरून मांडवीतून मुरगावच्या बंदराकडे जायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये ती उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि पुन्हा सगळं थांबलं. नंतर लिलाव होऊन काही पट्टे परत दिले गेले, पण जुने दिवस आले नाहीत.

आम्ही वाळवंटीच्या काठी ज्या घरी उतरलो, त्या घरच्या दादांचे दोन ट्रक होते. खाण थांबल्यावर हप्ते थकले, दोन्ही विकले. मग वहिनींनी सासऱ्यांच्या वेळच्या दोन रिकाम्या खोल्या रंगवून घेतल्या, न्हाणीघर बांधलं आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. ट्रकाइतकं मिळत नाही, असं त्या स्पष्टच सांगतात. पण धूळही नाही. विहिरीचं पाणी आता पावसाळ्यातसुद्धा लाल होत नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या.

मला तेव्हा इंग्लंड आठवलं. तिथले कालवे खोदले गेले ते कोळसा वाहायला. ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला तो मँचेस्टरला कोळसा पोचवण्यासाठी. रेल्वे आली, मालाची वाहतूक संपत गेली, आणि आज त्याच कालव्यांतून लोक सुट्टीसाठी अरुंद होड्या भाड्याने घेऊन फिरतात, काठावरच्या घरांत निवास-न्याहरीला उतरतात. जिथून माल गेला तिथे पाहुणे आले. डिचोलीत तसंच होईल असं नाही. पण पाहुण्यांचे पैसे काठावरच्या घरात पडले, तरच त्याला अर्थ आहे.

आपल्या भागातला कालवा

कालवा म्हणजे इंग्लंडच, असं नाही. तिळारीचं धरण महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात आहे, पण प्रकल्प दोन्ही राज्यांचा. त्याचे कालवे पेडणे, डिचोली आणि बार्देशपर्यंत पाणी आणतात. चिऱ्याच्या टेकड्या आणि काजूच्या बागांच्या मधून जाणारा हा कालवा सकाळी बाजूने चालायला सुंदर आहे. त्यात उतरायला मात्र अजिबात नाही. काठ उभे आणि गुळगुळीत, पाण्याला ओढ. मुलांचा हात धरूनच चाला.

सेकंड होम की पाहुणचार?

आता तो भावाचा प्रश्न. पेडण्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि इथल्या जमिनीकडे साऱ्या देशाचं लक्ष गेलं. २०२३ मध्येच पेडण्याच्या जमीन-वापर आराखड्याच्या मसुद्याला गावकऱ्यांनी जोरात विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. नदीकाठाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत, भरती पोचते तिथपर्यंत. तरी टेकडीवर आणि काठामागे बांधकामं दिसतात.

माझ्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवरही हा विषय चालू असतो. तिघांनी मिळून एक छोटं घर घ्यायचं, नदी दिसायला हवी. आम्ही एकदा कागदावर हिशोब मांडला. तिघांची मिळून वर्षाला किती रात्री होतील? शाळा, ऑफिस, लग्नकार्यं वजा करून जास्तीत जास्त तीस. म्हणजे घर वर्षाचे तीनशे पस्तीस दिवस बंद. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात राखणदार, आणि शेजाऱ्याला आपण कोण हेसुद्धा ठाऊक नाही.

शापोराकाठच्या काकांनी मला त्यांच्या मागच्या दारातून एक वाट दाखवली होती. त्यांच्या वाड्यावरची सगळी माणसं त्या वाटेने नदीवर जायची. मानसीची डागडुजी करायला, तिसऱ्या काढायला आणि गणपती पोचवायला. मधला एक तुकडा विकला गेला. घेणाऱ्याने कुंपणाची भिंत घातली, जी कागदोपत्री त्याच्याच जागेत आहे. आता वाड्यावरचे गणपती मोठ्या रस्त्याने वळसा घालून नेतात. वयस्क माणसं पुलापर्यंत येतात आणि तिथूनच हात जोडतात. "भिंत घालतल्यान आमकां केन्नाच वायट उतर उलयलें ना," काका म्हणाले. "ताका खबरच नासली." भिंत बांधणाऱ्याने त्यांना कधी वाईट शब्द बोलला नाही. त्याला ती वाट आहे हे माहीतच नव्हतं.

हे ऐकल्यापासून ग्रुपवरच्या त्या घराला माझं उत्तर ठरलेलं आहे. आपण चांगली माणसं आहोत हे पुरत नाही. वर्षातून दहा दिवस येणाऱ्याला त्या वाटा कळणार कशा? त्याच दहा दिवसांसाठी आपण काकांच्या घरी उतरलो, तर त्यांच्या खोल्यांचं छप्पर शाकारलं जातं, पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला 'घर विकूया' म्हणायचं एक कारण कमी होतं, आणि वाट त्यांच्याच हातात राहते. आपल्याला नदी तेवढीच दिसते. खर्च तर कमीच.

तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे स्वतःची घरं आहेत, कोकणात, कोल्हापूरकडे, कुठेही, आणि जी कुलूप लावून पडली आहेत, त्यांनी याचा दुसऱ्या बाजूनेही विचार करावा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज जाहीर झालं आहे. गावात राहणारं कुणी नात्यातलं तयार असेल तर दोन खोल्यांपासून सुरुवात होते.

जाणार असाल तर

फोनवर पहिला प्रश्न विचारा, "तुम्ही तिथेच राहता ना?" दुसरा, "नोंदणी आहे ना?" गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे आणि घरात पाहुणे ठेवणाऱ्यांनाही पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. तुमच्याबरोबर परदेशी पासपोर्टवाली भाची किंवा जावई असेल तर ते आधी सांगा, कारण घरमालकाला चोवीस तासांत त्यांची माहिती सरकारकडे कळवावी लागते.

केरी नावाची एकाहून जास्त गावं आहेत. एक पेडण्यात, समुद्राजवळ. दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. नकाशात नीट बघूनच निघा. रेल्वेने येत असाल तर पेडण्यासाठी पेडणे स्टेशन, डिचोलीसाठी थिवी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळा देखणा असतो, पण नद्यांना तेव्हा भरवसा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीच्या पाण्याने साळ आणि इब्रामपूर भागात पूर आला होता. डिचोली आणि साखळीच्या बाजारातही पाणी शिरतं. पावसाळ्यात जायचंच असेल तर घरमालक 'नको' म्हणाले की नको. गोव्याच्या काही पाण्यांत मगरीही आहेत, कुंभारजुव्याचा कालवा त्यासाठी प्रसिद्धच आहे. म्हणून न विचारता कुठेही पोहायला उतरू नका.

घरी उतरलात की घरासारखं वागा. देवघरापाशी चपला नेऊ नका, रात्री दहानंतर गाणी बंद, दारूबद्दल आधी विचारा. निघताना पैशांची घासाघीस करू नका. दोन खोल्यांचं घर आहे, त्यात सूट द्यायला जागा नसते.

यंदा त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला जायचा आमचा बेत आहे. मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांना यायचं असेल तर कळवा. वहिनींच्या घरी दोनच खोल्या आहेत, पण शेजारच्या घरीही विचारून ठेवते, असं त्या म्हणाल्या आहेत.